चिमाजीच्या खिळ्यांवरची कार्डं

चिमाजी शेजवळच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आडगावपासून ओझरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी गेली तीस वर्षं लोक आपल्या खाजगी गोष्टी त्याच्याच हवाली करत आले आहेत, आणि तेही रांग लावून. यात त्याचा दोष किती आणि लोकांचा बावळटपणा किती, हे मला सांगता येणार नाही. मी दोघांनाही हसत आलो. हसायला पैसे पडत नाहीत.

मी सोमनाथ कदम. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली बावीस टूल स्टोअरच्या खिडकीत. आमच्याकडे प्रत्येक कामगाराला पितळी बिल्ले असायचे, त्यावर त्याचा नंबर ठोकलेला. हत्यार न्यायचं तर बिल्ला खिडकीत ठेवायचा. मी तो हत्याराच्या जागी खिळ्याला अडकवायचो आणि हत्यार परत आलं की ज्याचा बिल्ला त्याच्याच हातात द्यायचो. एकदा माझा सख्खा मेहुणा शेजाऱ्याचा बिल्ला घेऊन मायक्रोमीटर मागायला आला, त्याला मी तसाच परत पाठवला. त्या दिवाळीला तो आमच्याकडे फराळाला आला नाही. दुसऱ्याचा बिल्ला वापरणाऱ्याला मेमो मिळायचा, आणि ते पाहून गप्प बसणाऱ्यालाही मेमो मिळायचा. या दुसऱ्या मेमोचा मला फार अभिमान होता, कारण तो मी पुष्कळांना मिळवून दिला होता.

रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून मी चिमाजीच्या चार्जिंग स्टेशनवर जाऊन बसायला लागलो. वायरिंग बघायचो, मशीन अडलं तर कंपनीला फोन करायचो. त्या बदल्यात चिमाजी चहा पाजायचा आणि आख्ख्या तालुक्याच्या बातम्या ऐकवायचा. चहा बरा असायचा.

चिमाजीची कर्तबगारी समजून घ्यायची तर त्याच्या एसटीडी बूथपासून सुरुवात करावी लागेल. आग्रा रोडला लागून त्याच्या बापाचा जमिनीचा तुकडा होता. त्यात काही पिकत नव्हतं, म्हणून चिमाजीने तिथे पिवळा बोर्ड लावून फोन ठेवला. लोकांना बोलायला काचेची केबिन होती, पण तिचं दार कधी नीट लागायचं नाही आणि चिमाजीने ते कधी दुरुस्त केलं नाही. आत माणूस बोलायचा आणि बाहेर चिमाजी ऐकायचा. कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा पोरगा नापास झाला, कोणाच्या सासऱ्याला कोणता आजार आहे, हे त्या घरच्यांच्या आधी चिमाजीला कळायचं. ऐकून तो स्वस्थ बसला असता तरी चाललं असतं. पण तो सल्ला द्यायचा. माणूस केबिनमधून बाहेर आला की म्हणायचा, "तुमच्या मेव्हण्याला सांगा, त्या डॉक्टरकडं जाऊ नका." आणि लोक रागावण्याऐवजी त्याचे आभार मानायचे.

त्याच काळात मालेगावकडचा एक शाळकरी मुलगा घरातून पळून इकडे आला होता. तो रोज चिमाजीच्या बूथवरून बहिणीला फोन करायचा. चिमाजीने तो नंबर टिपून ठेवला आणि थेट बापाला कळवलं. बाप आला, मुलाला घेऊन गेला. पेपरात बातमी आली, चिमाजीचा फोटोही छापून आला. बापाने त्या मुलाला बूथसमोरच पट्ट्याने फोडून काढलं होतं, हे बातमीत नव्हतं. मी तेव्हा सेकंड शिफ्टला निघालो होतो आणि बसच्या खिडकीतून ते पाहिलं होतं. चिमाजीने मात्र त्या कात्रणाला प्लॅस्टिक चढवून भिंतीला लावलं. आपण तुटलेली माणसं जोडतो अशी त्याची त्या दिवसापासून जी समजूत झाली, ती काही केल्या उतरली नाही.

बूथ बंद पडल्यावर त्याने मोबाइल रिचार्जचं दुकान काढलं. नंबर लिहायची वही काउंटरवर कायम उघडी. कॉलेजच्या मुलींना नको ते फोन यायला लागले तेव्हा दोन-चार आया भांडायला आल्या. चिमाजी शपथेवर म्हणाला की मी एकही नंबर कोणाला दिला नाही. ते खरं होतं. द्यायची गरजच नव्हती, वही समोर पडलेली असायची. पुढे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान झालं. पिकविमा, सातबारा, मुलांची स्कॉलरशिप, सगळ्यांचे पासवर्ड चिमाजीच्या एका डायरीत. डायरीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सर्वांचे पासवर्ड'. चोराला शोधायचा त्रास नको.

आणि आता चार्जिंग. दीड वर्षापूर्वी एका कंपनीने त्याची रस्त्याकडेची जागा घेतली, पत्र्याची शेड उभी केली आणि चार मशीन बसवली. विजेवरच्या रिक्षा, भाजीचे तीनचाकी टेम्पो, क्वचित एखादी मोठी कार, असे तिथे यायला लागले. नियम असा की गाडीवाल्याने फोनवर स्वतःचं खातं उघडायचं, कंपनी त्याला एक कार्ड देते. मशीनला कार्ड टेकवून पिन दाबला की चार्जिंग चालू; दुसऱ्या स्टेशनवर कार्ड जवळ नसलं तर नुसता कार्डाचा नंबर आणि पिन दाबूनही चालतं. प्रत्येक कार्डाला चार आकड्यांचा गुप्त पिन. कार्डाचा नंबर आणि पिन टाकला की फोनवर त्या कार्डाचा सगळा इतिहास उघडतो. कुठल्या तारखेला, कुठल्या स्टेशनवर, किती वाजता गाडी लावली आणि किती वाजता काढली. ज्याच्या हातात ही यादी पडेल त्याला त्या माणसाचा दिवस कसा जातो हे वेगळं विचारावं लागत नाही.

चिमाजीने हा सगळा प्रकार आपल्या पद्धतीने सोपा केला. भाजीवाल्यांना खातं उघडायचा कंटाळा, म्हणून त्याने स्वतःच्या नावावर एकच मोठं खातं उघडलं आणि त्याखाली चाळीसएक कार्डं काढली. लोक कार्ड घरी विसरतात, म्हणून शेडमध्ये एक फळी ठोकली, तिला चाळीस खिळे मारले आणि सगळी कार्डं तिथेच टांगली. प्रत्येक खिळ्याखाली खडूने नाव. फकिरा (कोथिंबीर), पुंजा (टमाटे), असं. माझ्या टूल स्टोअरमध्येही खिळे होते. फरक इतकाच की माझे खिळे खिडकीच्या आत होते, आणि त्याच्या फळीसमोरून कोणीही चालत जात होतं.

पिन लोक विसरतात, त्यावरही त्याच्याकडे उपाय होता. सगळ्यांना एकच पिन, अठरा अठरा. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात. आमच्या भागात हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. कोणी मशीनपाशी अडखळला की चिमाजी बसल्या जागेवरून ओरडायचा, "अरे, देवीचे हात किती?" तो माणूस हसायचा आणि दोनदा अठरा दाबायचा. पुढे ओरडायचाही कंटाळा आला तेव्हा त्याने फळीच्या वरच लिहून टाकलं, 'पिन विसरल्यास आईचे हात दोनदा'. शेजारी कुंकवाचं बोट लावलं.

मी त्याला एकदा म्हणालो होतो, "चिमाजी, हे बरं नाही. पिन ज्याचा त्याला माहीत असावा."

"इथं काय सोनं ठेवलंय का भाऊ?" तो म्हणाला. "करंट तर हाय. आन् लपवायचं असतं कोनाला? ज्यानं काय केलंय त्याला. आपल्या मानसांत लपवालपवी कशाला?"

पालथ्या घड्यावर पाणी, असं मनात म्हणून मी चहा प्यायलो. पुन्हा बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्यात मजा येत होती. हे कधीतरी अंगाशी येणार आणि त्या दिवशी या बाबाचं तोंड पाहण्यासारखं होणार, याची मी वाट पाहत होतो.

मैना गेल्या चैत्रापासून यायला लागली. वय सत्तावीस-अठ्ठावीस. विजेवरच्या तीनचाकीत झेंडू, शेवंती, गुलछडी घेऊन सकाळी नाशिकच्या फुलबाजारात जायची आणि परत येताना सव्वाअकराच्या सुमाराला चिमाजीकडे गाडी लावायची. दोन तास चार्ज करून घरी. तिचा डावा हात मनगटापाशी वाकडा सांधलेला होता. मशीनची जड वायर ती उजव्या हाताने ओढायची आणि डाव्या कोपराने दाबून धरायची. मदत केलेली तिला आवडायची नाही. बायका शेडमध्ये बसून गप्पा मारायच्या, ही मात्र गाडीत पडदा ओढून बसून राहायची.

चिमाजीला याचा फार राग. "नाव सांगती, गाव सांगत नाय," तो मला म्हणायचा. "मी फोन नंबर इचारला तर म्हनती, तुमचाच टाका नाना. अशी मानसं म्या पाह्यली नाय." त्याने खिळ्याखाली 'मैना (फुलं)' लिहिलं आणि गावाच्या जागी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. ती मात्र निर्धास्त होती. आपला नंबर, आपला पत्ता कुठेच नाही, सगळं चिमाजीच्या नावावर, म्हणजे आपण सापडणार नाही, असा तिचा हिशेब होता.

तो हिशेब चुकतोय हे तिला गणपतीच्या दिवसांत कळलं असावं. एका दुपारी शेडमध्ये मी एकटाच होतो. ती गाडीतून उतरून माझ्याजवळ आली. असं ती कधी करत नसे.

"काका, माझ्या कार्डाचा पिन बदलता येतो का? मला येगळा पायजे."

"कशाला?"

तिने मशीनकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकाला माझा माग लागाया नको."

मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. मला समजलं नाही असं नाही. पण माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'भानगड'. बाईमाणसाची भानगड, आपण कशाला पडा. मी म्हणालो, "कार्डं चिमाजीची आहेत. त्याला विचार."

"नानाला नाय इचारायचं. नाना गावाला सांगत्यात."

"मग राहू दे. ते लांबलचक काम आहे. कंपनीला फोन करा, कागद पाठवा. मला आत्ता वेळ नाही."

मला वेळच वेळ होता. मी त्या वेळी शब्दकोडं सोडवत होतो. आणि कागद वगैरे काही लागत नव्हतं, फोनवरच बदलता येत होता. पण चाळीस भोकांच्या चाळणीचं एकच भोक बुजवून चिमाजीची अब्रू मी का वाचवावी, असा माझा विचार. ती "बरं" म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि मी तिचं बोलणं चिमाजीच्याही कानावर घातलं नाही. त्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

दसऱ्याला दोन दिवस होते. रस्त्यावर झेंडूच्या गाड्यांची रीघ लागली होती आणि वणीहून ज्योत घेऊन पळत येणारी पोरं अधूनमधून दिसत होती. मी शेडच्या मागे एका मशीनचा फ्यूज बदलत होतो. पावणेअकराला पुढे आलो तर चिमाजी एका पाहुण्याशी गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. एक पेढा चिमाजीच्या गालात होता.

"भाऊ, हे आपल्या मैनाचे मालक," चिमाजी म्हणाला. "अमोलराव. नांदगावचे."

अमोलने मला वाकून नमस्कार केला. "घरात थोडं बोलणं झालं काका. रागाच्या भरात निघून आली. आईने अंथरूण धरलंय तिच्या नावाने. कोणीतरी म्हणालं की फुलाची गाडी चालवते, या रोडला दिसते. म्हणून सकाळपासून एकेका स्टेशनवर विचारत चाललोय."

एवढं गोड बोलणं. चिमाजीचे डोळे भरून आले होते. मैनाचं कार्ड त्याने आधीच खिळ्यावरून उतरवून पाहुण्याच्या हातात दिलं होतं आणि तिच्या नावाचा खडू बोटाने दाखवून, "हे पाहा, हीच ना?" असंही झालं होतं.

अमोलने फोनवर कार्डाचा नंबर टाकला. "पिन मागतंय नाना."

चिमाजी खुशीत हसला. "आता ते मी सांगू तुमाला? देवीचे हात किती?"

"अठरा," अमोल म्हणाला. चिमाजीने फळीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. अमोलने वाचलं, दोनदा अठरा दाबलं आणि यादी उघडली.

द्राक्षाचा व्यापारी बाग बघतो तसा तो ती यादी बघत होता. सावकाश, एकेक ओळ. बघता बघता त्याने स्क्रीनचे फोटो काढून घेतले. मग म्हणाला, "पंचवटीतलं हे स्टेशन नेमकं कुठं आहे?" चिमाजीने कागदावर नकाशा काढून दिला.

"आणि तुमच्याकडे इथे दोन-दोन तास थांबते. कोणाबरोबर असते?"

"एकटीच असती बिचारी."

"आणि गाडीची चावी? उतरली की चावी गाडीतच ठेवते का?"

हे त्याने त्याच गोड आवाजात विचारलं. रुसलेल्या बायकोला न्यायला आलेला नवरा चावी कशाला विचारेल? चिमाजीला हा प्रश्न पडला नाही. तो म्हणाला, "ते काय मी पाह्यलं नाय बा, पण आत्ता येईलच ती. सव्वाअकरा. घड्याळ लावून घ्या." आणि मला म्हणाला, "पाह्यलं भाऊ? तुम्ही म्हनत व्हते पिन येगळा ठेवा. येगळा असता तर आज ह्यो संसार जुळला असता का?"

घड्याळात दहा बावन्न झाले होते. मैनाला यायचे दोन रस्ते होते. बाजारात गेली असेल तर नाशिककडून आग्रा रोडने यायची, नसेल गेली तर जानोरीच्या बाजूने. तिचा फोन नंबर कोणाकडेच नव्हता. चुकीच्या रस्त्याला गेलो तर ती सरळ या माणसाच्या पुढ्यात येऊन उभी राहणार, आणि तीही संपत आलेल्या बॅटरीची गाडी घेऊन. उलटं फिरून पळते म्हणाली तरी किती लांब जाणार?

चिमाजीने कार्ड परत खिळ्याला लावलं होतं. मी जाता जाता त्यावरचा नंबर वाचला, शेडच्या मागे गेलो आणि माझ्या फोनवर टाकला. अठरा अठरा. यादी उघडली.

आज सकाळी, फुलबाजाराजवळचं पंचवटी स्टेशन, नऊ बत्तीस ते नऊ सत्तेचाळीस. म्हणजे बाजारात गेली होती, आग्रा रोडनेच येणार. एवढं कळल्यावर फोन बंद करायला हवा होता. पण मी खाली वाचत गेलो. दर गुरुवारी दुपारी एका सरकारी दवाखान्याजवळचं स्टेशन, पाऊण तास. हाताला व्यायाम देतात तिथे, मला माहीत आहे. घटस्थापनेच्या दिवशी वणीच्या गडाच्या पायथ्याशी, पहाटे. तिने कोणाला न सांगितलेला महिना मी चष्मा लावून अर्ध्या मिनिटात वाचून काढला. चिमाजीने तरी हे पेढे खाऊन केलं होतं.

स्कूटर काढून मी सर्व्हिस रोडने नाशिककडे निघालो. चिमाजी मागून ओरडला, "भाऊ, थांबा, मिसळ मागवलीय." शिलापूर फाट्याच्या पुढे तिची गाडी येताना दिसली. मागे रिकामे क्रेट, आरशाला झेंडूची माळ. मी रस्त्यात उभा राहून दोन्ही हात हलवले. ती मला चुकवून पुढे गेली, मग पन्नास पावलांवर थांबली. मी धावत गेलो, या वयात.

"तिकडे जाऊ नकोस," मी म्हणालो. "नांदगावचा माणूस येऊन बसलाय. अमोल."

तिने वाकडा हात पदराखाली घेतला. मग हँडलवरच्या आकड्याकडे पाहिलं. अकरा टक्के चार्ज उरला होता.

"पंचवटीलाही जाऊ नको," मी म्हणालो. "त्याने यादीचे फोटो काढलेत. गुरुवारचंही त्याला कळलंय."

तिने मान वर केली. "गुरवारचं तुमाला कसं माहीत?"

मी खिशातला फोन चाचपला.

"आन् मी आज ह्याच रस्त्यानं येनार, हे?"

"फोनवर दिसतं," मी म्हणालो.

"कोनाच्या फोनवर?"

"कोणाच्याही."

ट्रक जात होते, त्यांच्या वाऱ्याने गाडीचा पडदा हलत होता. ती शांतपणे म्हणाली, "काका, मी पिन बदलायचं इचारलं, तव्हाबी आसंच दिसत व्हतं का?"

"हो."

"आन् बदलता येत व्हता?"

"हो," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी आयुष्यभर लोकांकडे ज्या नजरेने पाहत आलो ती नजर मला ओळखता येते. ती तिच्या डोळ्यांत होती आणि माझ्यावर होती. मी घाईने म्हणालो की माझं घर ओझरलाच आहे, मागच्या गल्लीने जाऊ, घरच्या प्लगवर गाडी लावू, माझी बायको आहे घरात, कोणाला कळणार नाही.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या घराचं नावबी कुठल्यातरी खिळ्याखाली आसंल."

तिने गाडी वळवली आणि शिलापूरच्या कच्च्या रस्त्याला घातली. अकरा टक्क्यांत ती कुठवर गेली मला माहीत नाही.

मी परत आलो तेव्हा अमोल मिसळ खात होता. बारा वाजले, एक वाजला. तो दर पाच मिनिटांनी रस्त्यावर जाऊन बघायचा. दोन वाजता त्याचा गोडवा सरला. जाताना तो चिमाजीला म्हणाला, "तिला कोणी सांगितलं असेल तर त्यालाही बघून घेईन." नमस्कार न करता मोटारसायकलला किक मारली. पेढ्यांचा बॉक्स उचलून न्यायला मात्र विसरला नाही.

चिमाजी उघड्या तोंडाने त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग मी त्याला सगळं सांगितलं. मनगट, गणपतीतलं बोलणं, माग लागू नये म्हणाली होती ते. ज्या क्षणाची मी दीड वर्ष वाट पाहिली होती तो आला होता, चिमाजीचं तोंड खरंच पाहण्यासारखं झालं होतं. पण मला काही मजा आली नाही.

"ती त्याच्यापासून लपून ऱ्हात व्हती?" तो हळू आवाजात म्हणाला.

"हो."

"आन् तुला माहीत व्हतं?" तीस वर्षांत तो मला पहिल्यांदा 'तू' म्हणाला. "मला नव्हतं माहीत. मला तर वाटलं संसार जुळतोय. तुला महिनाभरापासून माहीत व्हतं, तू रोज इथं बसून च्या प्याला, आन् एका शब्दानं बोलला नाय?"

टूल स्टोअरच्या खिडकीत या प्रश्नाचं उत्तर देताना मी कितीतरी माणसांना चाचरताना पाहिलं होतं. चिमाजीने फळीवरची 'आईचे हात' ही अक्षरं ओल्या फडक्याने पुसली. भिंतीवरच्या कात्रणाकडे एकदा पाहिलं, पण ते काढलं नाही.

अमोल आणखी तीन दिवस येऊन गेला. दसऱ्याच्या दिवशीही आला. मैना आली नाही. फुलबाजारात लता नावाची एक हारवाली आहे, तिलाही नंतर ती दिसली नाही. तिने गाडी विकली असेल, दुसरा बाजार धरला असेल, किंवा आणखी काही झालं असेल.

चिमाजीला अक्कल आली असं कोणी समजू नये. दसरा झाल्यावर त्याने दिवसभर बसून फळीवर होती तेवढ्या सगळ्या कार्डांचे पिन बदलले. आता कोणी मशीनपाशी अडखळला की तो ओरडतो, "अरे, ज्योतिर्लिंगं किती?" त्र्यंबकेश्वर हाकेच्या अंतरावर असलेल्या नाशिकात कोण चुकणार. लोक हसतात आणि दोनदा बारा दाबतात.

एकच कार्ड त्याच्या हाती लागलं नाही. त्या दुपारी तो फडकं धुवायला गेला होता तेव्हा मी मैनाचं कार्ड खिळ्यावरून काढून घेतलं आणि तिचा पिन बदलला. नवा आकडा कोणाला सुचणार नाही असा ठेवला. घड्याळ समोर धरलं होतं. एक मिनिट चाळीस सेकंद लागले.